शंका-समाधान : वॉर्ड सुटणार नाही ना?

आरोग्य माहितीशास्त्र (रुग्णाची माहिती नोंदवणे, जपणे, हवी तेव्हा हव्या त्या माणसासमोर आणणे आणि तिच्या आधाराने उपचार सुधारणे, याचे शास्त्र) या क्षेत्रात पुढे येऊ पाहणाऱ्या किंवा नाइलाजाने ढकलल्या गेलेल्या वाचकांची पत्रे साचली होती. बरीचशी नाइट ड्यूटीत लिहिलेली असावीत. एका पत्राच्या मागच्या बाजूला टीपीआर चार्टच्या रेघा होत्या. नावे गाळून, मजकूर थोडा आवरून ती इथे देत आहे.

"मला कोडिंगचा क येत नाही. मेट्रन मॅडमनी बोलावून सांगितलं, नवीन सॉफ्टवेअर येतंय, नर्सिंगतर्फे तू बस. पहिल्या मीटिंगला सगळी पंचविशीतली मुलं. 'मास्टर', 'मॉड्यूल', 'मॅपिंग' असं बोलत होती आणि मी दोन तास नुसती मान हलवत होते. घरी येऊन रडले. चौदा वर्षं झाली मला वॉर्डात, वय 41. नाही म्हणावं तर कामचुकार ठरेन, हो म्हणावं तर हसं होईल. आणि एकदा वॉर्ड सुटला की पुन्हा सलाइन लावताना हात थरथरेल, ही भीती आणखी वेगळी." (स्टाफ नर्स, सांगली)

सिस्टर, तुम्हाला त्या खोलीत कोडिंगसाठी बोलावलेले नाही. ते करायला ती मुले आहेत आणि ती ते चांगले करतात. त्यांना जे ठाऊक नाही त्यासाठी तुम्हाला बोलावले आहे. एक उदाहरण देते. यंत्रणेत 'बीडी' म्हणजे सकाळी नऊ आणि रात्री नऊ, असे एकदा ठरवून टाकले जाते. आता रुग्ण रात्री साडेनऊला दाखल झाला आणि नऊ चाळीसला डॉक्टरांनी अँटिबायोटिक लिहिले, तर पडदा पहिला डोस कधीचा दाखवेल? दुसऱ्या दिवशी सकाळी नऊचा. जंतुसंसर्गाने आधीच गळून गेलेल्या माणसाला अकरा तास औषध नाही, आणि पडद्यावर मात्र सगळे हिरवे, काहीच चुकलेले नाही! कागदी केस पेपरवर हे सहसा घडत नसे, कारण सिस्टर पहिला डोस लगेच देऊन पुढच्या वेळा हळूहळू जुळवून आणत असे. हे शहाणपण कुठल्याही नियमावलीत लिहिलेले नव्हते, ते हातात होते. त्या पंचविशीतल्या मुलाने रात्री साडेनऊची अॅडमिशन कधी पाहिलेली नाही. "पहिला डोस कधी पडतो?" एवढे विचारणारे त्या मीटिंगमध्ये तुमच्याखेरीज बहुधा दुसरे कुणी नसेल.

हा विषय परिचर्येच्या बाहेरचा आहे, हा समजही चुकीचा आहे. फ्लोरेन्स नाइटिंगेल यांचा हातातला दिवा सगळ्यांना आठवतो, पण क्रिमियन युद्धातल्या सैनिकांच्या मृत्यूंची कारणे त्यांनी आकृत्यांतून मांडली आणि 1858 साली लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने त्यांना पहिली महिला सदस्य करून घेतले, हे नर्सिंग कॉलेजातही अर्ध्या ओळीत उरकले जाते. सगळ्या रुग्णालयांनी एकाच नमुन्यात नोंदी ठेवाव्यात, म्हणजे एकाची दुसऱ्याशी तुलना करता येईल, असा त्यांचा आग्रह होता. आजच्या तुमच्या 'मास्टर'वाल्या मीटिंगचा विषय याहून वेगळा नाही. अमेरिकेत तिथल्या परिचारिका संघटनेने 1992 साली नर्सिंग इन्फॉर्मेटिक्सला परिचर्येची स्वतंत्र विशेष शाखा म्हणून मान्यता दिली. आपल्याकडे भारतीय परिचर्या परिषदेने 2021 मध्ये लागू केलेल्या बीएस्सी नर्सिंगच्या नव्या अभ्यासक्रमात हा विषय आला आहे. तुमच्या वेळी तो नव्हता, त्यात तुमचा काही दोष नाही.

वॉर्ड सुटण्याची भीती मात्र खरी आहे, तिला मी हसणार नाही. हात खरोखर विसरतात. म्हणून हो म्हणण्याआधी मेट्रन मॅडमकडे दोन गोष्टी मागा आणि तोंडी नव्हे, लेखी मागा : आठवड्यातून एक पूर्ण शिफ्ट वॉर्डात, आणि सहा महिन्यांनी परत जायचे की राहायचे हे ठरवण्याची मुभा. नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीचे नूतनीकरण चुकवू नका. पुढच्या मीटिंगला वही न्या आणि न कळलेला शब्द तिथल्या तिथे विचारा. "मास्टर म्हणजे काय रे बाळा?" असे मी पहिल्या दिवशी विचारले होते. मास्टर म्हणजे यादी. औषधांची यादी, बेडची यादी, तपासण्यांची यादी. बस्स, एवढेच.

"एमडी मेडिसिन करून तीन वर्षं झाली. एका हॉस्पिटलने अर्धा वेळ प्रॅक्टिस आणि अर्धा वेळ 'सीएमआयओ' असं पद देऊ केलंय. मला काम आवडतं. पण वडील म्हणतात, एवढं शिकून कॉम्प्युटरवाला होणार का? सासरची मंडळीही गप्प झाली आहेत. मी खरंच डॉक्टरकी सोडतोय का?" (डॉक्टर, नागपूर)

सीएमआयओ (रुग्णालयाच्या माहिती यंत्रणेची वैद्यकीय बाजू पाहणारा वरिष्ठ डॉक्टर) हे पद आपल्याकडे नवे आहे, त्यामुळे घरच्यांना ते समजावून सांगणे अवघड जाते. अमेरिकेत क्लिनिकल इन्फॉर्मेटिक्सला वैद्यकाची उपशाखा म्हणून 2011 मध्ये मान्यता मिळाली आणि 2013 मध्ये पहिली परीक्षा झाली. आपल्याकडे त्यात स्वतंत्र एमडी किंवा डीएम नाही. म्हणजे या वाटेवर तुमचे वजन तुमच्या पदवीपेक्षा तुम्ही रुग्ण पाहता यावर ठरणार आहे. ज्या दिवशी ओपीडी पूर्ण बंद कराल, त्या दिवसापासून सहकारी डॉक्टर तुमचे ऐकणे हळूहळू बंद करतील. हे मी एकाहून जास्त ठिकाणी पाहिले आहे. अर्धा वेळ प्रॅक्टिसकडे अट म्हणून पाहू नका, ती तुमची ढाल आहे. मेडिकल कौन्सिलची नोंदणी आणि तिच्यासाठी लागणारे क्रेडिट पॉइंट चालू ठेवा.

वडिलांना एक गोष्ट सांगून पाहा. रुग्ण काय म्हणतो, तपासणीत काय सापडले, त्यावरून काय वाटते, पुढे काय करायचे, या चार पायऱ्यांनी आज प्रत्येक इंटर्न नोंद लिहितो. ही पद्धत लॉरेन्स वीड या अमेरिकन डॉक्टरांच्या कामातून आली. त्यांनी 1968 साली मांडले की नोंद रुग्णाच्या अडचणींनुसार लावली, तर ती पुढच्या डॉक्टरला विचार करायला शिकवते. त्यांना कुणी कॉम्प्युटरवाला म्हटले नसते (खरे तर संगणकावर त्यांनी पुढे आयुष्यभर काम केले, पण ते वडिलांना नंतर सांगा).

करारात नेमके काय लिहिले आहे तेही पाहा. पद मोठे आणि अधिकार शून्य, असे फार वेळा असते. औषधाची एखादी धोकादायक नोंद-खिडकी दिसली तर ती त्याच दिवशी बंद करण्याचा अधिकार तुम्हाला आहे का, एवढे एकच विचारा.

"दोन महिन्यांनी आमच्या मुलांच्या आयसीयूत संगणकावरच ऑर्डर लिहायची पद्धत सुरू होणार आहे आणि ते काम माझ्या देखरेखीखाली आहे. कुणीतरी व्हॉट्सअॅपवर पाठवलं की अमेरिकेत अशाच यंत्रणेनंतर मुलांचे मृत्यू दुपटीने वाढले. तेव्हापासून पोटात गोळा आहे. हे खरं आहे का? माझ्या हातून असं झालं तर?" (परिसेविका, पुणे)

आकडे खरे आहेत, त्यांच्यावरून काढलेला निष्कर्ष अर्धवट आहे. 2005 साली 'पिडिअॅट्रिक्स' या नियतकालिकात पिट्सबर्गच्या बाल रुग्णालयातला अभ्यास प्रसिद्ध झाला. बाहेरच्या रुग्णालयांतून तिथे आणल्या गेलेल्या 1942 मुलांच्या नोंदी त्यात पाहिल्या होत्या. यंत्रणा येण्याआधीच्या 13 महिन्यांत मृत्यूचे प्रमाण 2.80 टक्के होते, नंतरच्या पाच महिन्यांत 6.57 टक्के. हे वाचून कुणाच्याही पोटात गोळा येईल. पण पुढच्याच वर्षी सिअॅटलच्या बाल रुग्णालयातून अभ्यास आला आणि तशाच यंत्रणेनंतर तिथे मृत्यू वाढलेले दिसले नाहीत.

तुमच्या कामाची गोष्ट या दोन अभ्यासांच्या मध्ये आहे, म्हणून थोडे सविस्तर सांगते. पिट्सबर्गला पूर्वी मूल वाटेत असतानाच औषधांची तयारी सुरू व्हायची. नव्या पद्धतीत मूल पोहोचून त्याची नोंद पूर्ण होईपर्यंत ऑर्डर टाकताच येईना. आयसीयूतच हाताशी असलेली औषधे त्याच सुमारास मध्यवर्ती फार्मसीत हलवण्यात आली. पूर्वी सिस्टर खाटेजवळ उभी राहून डॉक्टरच्या तोंडून ऐकत हात चालवायची, आता डॉक्टर पडद्याकडे आणि सिस्टर दुसऱ्या पडद्याकडे. संपूर्ण रुग्णालयात हे सगळे अवघ्या सहा दिवसांत लागू केले होते. संगणकाला दोष देणे सोपे आहे. पण मूल येण्याआधीचा तो तयारीचा वेळ नव्या रचनेत कुठे गेला, हे कुणी मोजले नव्हते.

म्हणून तुम्ही हे करा. सुरुवात होण्याआधी एका बाहुलीवर संपूर्ण अॅडमिशन करून पाहा : फोन येतो तिथपासून पहिले औषध शिरेत जाईपर्यंत, घड्याळ लावून, एकदा दुपारी आणि एकदा पहाटे तीनला. पहाटेची वेळ टाळू नका. तेव्हा आयटीचा माणूस झोपलेला असतो आणि प्रिंटरमध्ये कागद नसतो. जीव वाचवण्याची औषधे तोंडी आदेशावर देऊन नंतर नोंदवण्याची मुभा लेखी घ्या. वीज किंवा नेटवर्क गेले तर वापरायचे कागदी फॉर्म एका लाल फाइलमध्ये, ड्रॉवरमध्ये नव्हे, टेबलावर ठेवा. 2022 च्या नोव्हेंबरमध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला तेव्हा कितीतरी दिवस काम हातानेच करावे लागले. ज्यांना कागदावर लिहिण्याची सवय होती त्यांचे निभावले.

आणि एक. माझ्या हातून एकदा चूक झाली आहे. आम्ही वजनाच्या रकान्यात किलो आणि ग्रॅम दोन्ही चालतील असे ठेवले होते. एका बाळाचे 2800 ग्रॅम वजन किलोत लिहिताना 28 किलो म्हणून गेले. डोस काढताना सिस्टरला आकडा विचित्र वाटला, तिने औषध हातात धरून मला फोन केला आणि बाळ वाचले. मी त्या रात्रीपासून प्रत्येक यंत्रणेत धोक्यांची वही (काय बिघडू शकते, कुणी सांगितले, काय केले याची तारखेसह नोंद) ठेवते. तुम्हीही ठेवा. एकटीच्या पोटातला गोळा त्या वहीत उतरवला की तो सगळ्या टीमचा होतो.

"अधिसेविका म्हणून निवृत्तीला चार वर्षं उरली. डिजिटल कमिटीत मी एकटी नर्सिंगची. डॉक्टर लोक बोलतात, कंपनीचा माणूस त्यांच्याकडेच पाहतो. मी सांगितलं की नोंदीला फार वेळ लागतो, तर 'सिस्टर लोकांना बदल नकोच असतो' म्हणून विषय बंद. मी काय करू?" (कोल्हापूर)

मॅडम, 'फार वेळ लागतो' हे वाक्य त्यांना तक्रार वाटते. त्याऐवजी आकडा न्या. एका शिफ्टमध्ये एका सिस्टरने केस पेपरच्या पाठीवर काड्या मारायच्या : एका रुग्णाचा बीपी नोंदवायला किती वेळा क्लिक, किती पडदे, किती वेळा पुन्हा लॉगिन. तीस खाटांनी गुणा. समजा एका रुग्णामागे दीड मिनिट जास्तीचे जात असेल, तर एका फेरीला पाऊण तास. तो पाऊण तास कुणाच्या अंगावरून काढला जातोय, एवढाच प्रश्न कमिटीत ठेवा आणि गप्प बसा. आपण बोलत राहिलो की समोरच्याला उत्तर द्यायचे राहून जाते.

दुसरे म्हणजे, कमिटीत एकटी जाऊ नका. जिला या विषयाची ओढ आहे अशी एखादी तरुण सिस्टर किंवा ब्रदर मदतनीस म्हणून नेहमी बरोबर न्या. तुमची चार वर्षे संपतील तेव्हा ती खुर्ची रिकामी राहता कामा नये. परदेशात या कामाला सीएनआयओ (माहिती यंत्रणेत परिचर्येची बाजू सांभाळणारी सर्वोच्च अधिकारी) असे स्वतंत्र पद आहे. तुमच्याकडे ते नाव नसेल, पण तुम्ही करताय ते काम तेच आहे.

"मी चहाला गेले आणि माझं लॉगिन उघडंच राहिलं. कुणीतरी त्यावरून एका रुग्णाचे रिपोर्ट काढून बाहेर पाठवले. आता चौकशी लागली आहे. माझी नोकरी जाईल का? जेल होईल का? मी काहीही केलेलं नाही." (परिचारिका, ठाणे)

आधी श्वास घ्या. चौकशी लागणे म्हणजे दोषी ठरणे नव्हे. यंत्रणेत ऑडिट ट्रेल (कुणाच्या नावाने, कोणत्या संगणकावरून, कधी काय उघडले याची आपोआप राहणारी नोंद) असते. तुम्ही त्या वेळी कॅन्टीनला होतात हे हजेरी, कॅमेरा, सहकारी यांच्यावरून जुळवता येते. म्हणून आजच, आठवण ताजी असताना, त्या तासाचा घटनाक्रम तारीख-वेळेसह लिहून ठेवा. लॉगिन उघडे राहिले, ही आपली चूक लपवू नका. ती ऑडिट ट्रेलमध्ये दिसणारच आहे, आणि आधी सांगितलेली चूक निष्काळजीपणा ठरते, लपवलेली कट वाटते.

2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात तुरुंगवासाची तरतूद नाही. दंड मोठे आहेत, 250 कोटी रुपयांपर्यंत, पण त्यांचा मुख्य रोख माहिती सांभाळणाऱ्या संस्थेवर आहे. मात्र संस्थेची शिस्तभंगाची कारवाई ही वेगळी गोष्ट आहे, आणि दुसरे कोणते कायदे लागू होतात हे तुमची कागदपत्रे पाहूनच कळेल. त्यामुळे लेखी नोटीस आली तर उत्तर देण्याआधी, आणि कोणत्याही जबाबावर सही करण्याआधी, नोकरीविषयक बाबी पाहणाऱ्या वकिलाला भेटा. हे मी सुचवत नाही, निक्षून सांगते.

"85,000 रुपयांत सहा महिन्यांचा ऑनलाइन कोर्स, शेवटी 'डिजिटल हेल्थ लीडर' सर्टिफिकेट आणि हमखास नोकरी. उद्या शेवटची तारीख म्हणतात. भरू का?" (जीएनएम ब्रदर, लातूर)

उद्या शेवटची तारीख असलेला कोर्स परवाही चालू असतो. थांबा.

फुकट शिकता येईल असे पुष्कळ आहे, ते आधी संपवा. एक्सेल नीट शिका. मग विदागारातून माहिती काढण्याची साधी भाषा, एसक्यूएल. भारत स्नोमेड सीटी (आजार, लक्षणे, उपचार यांना जगभर एकच संकेत देणारी शब्दसंपदा) या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेचा 2014 पासून सदस्य असल्याने ती आपल्याला विनाशुल्क वापरता येते, आणि तिचे राष्ट्रीय केंद्र पुण्याच्या सी-डॅकमध्ये आहे. आयुष्मान भारत डिजिटल मिशन 27 सप्टेंबर 2021 ला देशभर सुरू झाले. त्यातला 14 अंकी आभा क्रमांक तुमच्या रुग्णालयात कसा जोडला जातो, कुठे अडतो, हे महिनाभर काउंटरवर उभे राहून पाहा. एवढे झाल्यावरही कोर्स हवासा वाटला तर शिकवणाऱ्यांपैकी किती जणांनी प्रत्यक्ष रुग्णालयात यंत्रणा उभी केली आहे ते विचारा. नोकरीची लेखी हमी मागा. बहुधा तिथेच संभाषण संपेल.

"इंग्लंडमध्ये वॉर्डात काम करते. इथे 'क्लिनिकल सेफ्टी ऑफिसर'ची जागा निघाली आहे. इंग्रजी बोलताना मी अडखळते. अर्ज करावा का?" (मूळ रत्नागिरीच्या)

करा. तिथल्या आरोग्य सेवेच्या मानकानुसार हे काम चालू नोंदणी असलेल्या आरोग्य व्यावसायिकानेच करायचे असते, आणि तुमची नोंदणी चालू आहे. कामाचा गाभा धोके लिहून काढण्याचा आहे. अडखळणाऱ्या बोलण्यापेक्षा नेमके लिहिणे तिथे जास्त कामाला येते. व्हिसाच्या अटींत पद बदलल्याने काही फरक पडतो का, हे मात्र राजीनामा देण्याआधी तिथल्या नोंदणीकृत इमिग्रेशन सल्लागाराकडून खात्री करून घ्या.

"माझी पत्नी एका हॉस्पिटलात नर्सिंग इन्फॉर्मेटिक्सची प्रमुख आहे. यंत्रणा सुरू झाल्यापासून पाच आठवडे ती दोन-तीन तासच झोपते. फोन उशाशी. वाजला नाही तरी दचकून उठते. मान धरली आहे, चिडचिड होते, परवा म्हणाली की मी नसते तर बरं झालं असतं. कामाचा ताण आहे म्हणून सोडून देऊ का?" (छत्रपती संभाजीनगर)

सोडून देऊ नका. पहिल्या काही आठवड्यांची धावपळ या कामात सगळ्यांनाच असते, मानही सगळ्यांची धरते. पण पाच आठवड्यांची तुटलेली झोप आणि शेवटचे ते वाक्य हा नुसता ताण नव्हे. आज-उद्याच मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्या आणि स्वतः बरोबर जा. तोपर्यंत तिला एकटे ठेवू नका. 'मी नसते तर' याचा अर्थ काय, हे तिला शांतपणे आणि थेट विचारायला घाबरू नका. विचारल्याने असे विचार वाढत नाहीत. रात्री-अपरात्री गरज पडली तर टेली-मानस या शासकीय सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. जिवाला धोका वाटला तर थेट जवळच्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात न्या. मानेचे दुखणे हातात उतरत असेल, मुंग्या येत असतील, तर अस्थिरोगतज्ज्ञांनाही दाखवा.

तिच्या वरिष्ठांशी बोलण्याची तिची तयारी असेल तर एकच मागणी करायला सांगा : रात्रीच्या फोनसाठी तीन जणांची पाळी. नावे आणि नंबर प्रत्येक वॉर्डच्या टेबलावर चिकटवलेले हवेत, आणि तिची पाळी नसेल त्या रात्री तिचा नंबर त्या कागदावर नको. त्या रात्री फोन दुसऱ्या खोलीत, तुमच्याजवळ ठेवा.